गळ्याखालच्या सुरकुत्या: आधी ओळखा, मग मलम लावा

आरशासमोर उभं राहा आणि ब्लाऊजचा किंवा कुर्त्याचा गळा बोटभर खाली ओढा. रोज उघडा राहणारा भाग आणि कापडाखाली झाकलेला भाग यांच्यामध्ये एक रेघ दिसेल. रेघेच्या वरचा रंग गडद आणि पोत चुरगळून पुन्हा सरळ केलेल्या पातळ कागदासारखा असतो. मंगळसूत्राच्या वाट्या टेकतात तिथली छटा आणखी वेगळी. रेघेच्या खाली इंचभरावर मात्र कातडी गुळगुळीत असते. दोन्ही भागांचं वय तेवढंच आहे. फरक मुख्यतः उन्हाने केलेला आहे.

चेहऱ्यावर क्रीम, सनस्क्रीन, फेसपॅक सगळं लागतं आणि हनुवटीशी हात थांबतो. त्याखाली फार तर आंघोळीच्या साबणाचा फेस पोहोचतो. म्हणून पंचेचाळिशीत चेहरा चाळिशीचा आणि गळ्याखालचा त्रिकोण पंचावन्नचा दिसू लागतो. त्यानंतर बाजारातून महागडं ‘नेक क्रीम’ येतं. ते लावण्याआधी सुरकुती नक्की कुठल्या जातीची आहे हे पाहिलं नाही, तर जखम मांडीला आणि मलम शेंडीला अशी गत होते.

ही जागा इतकी नाजूक का

छातीच्या वरच्या भागातली त्वचा पातळ असते आणि तेल तयार करणाऱ्या ग्रंथी तिथे चेहऱ्याच्या मानाने कमी असतात. याचे तीन परिणाम पुढे प्रत्येक पायरीवर उपयोगी पडतील. एक, ही जागा लवकर कोरडी पडते. दोन, ती सावकाश भरून येते. कातडी सोलवटली की नवी कातडी बऱ्याच अंशी केसांच्या मुळांपासून आणि ग्रंथींपासून उगवते, आणि इथे तेच भांडवल कमी आहे. म्हणून चेहऱ्याला सोसणारं औषध किंवा लेझर इथे जसंच्या तसं चालत नाही. तीन, छातीच्या मधल्या हाडावरची जागा केलॉइडसाठी, म्हणजे जखमेपेक्षा मोठ्या वाढणाऱ्या टणक वणांसाठी, कुप्रसिद्ध आहे. सावळ्या त्वचेत हा धोका जास्त. साध्या मुरमाचाही इथे कायमचा उंचवटा होऊ शकतो.

आपल्या त्वचेतलं मेलॅनिन, म्हणजे रंगद्रव्य, उन्हापासून थोडं संरक्षण देतं, त्यामुळे गोऱ्या त्वचेच्या मानाने सुरकुत्या उशिरा येतात. त्याऐवजी आधी रंग बदलतो. मुंबईत पस्तिशीत तक्रार असते ती ‘गळा काळवंडला’ अशी, आणि बारीक रेषा पुढच्या दहा वर्षांत उमटतात. काळवंडणं हीच सूचना समजून काम सुरू केलं, तर निम्मी लढाई सोपी होते.

चार जाती आणि त्या ओळखायच्या चाचण्या

उभ्या रेषा: दोन्ही स्तनांच्या मधून गळ्याकडे पंख्यासारख्या पसरणाऱ्या. या कुशीवर झोपण्याच्या आहेत. कुशीवर वळलं की वरचा स्तन वजनाने खालच्यावर येतो, खांदा पुढे सरकतो आणि मधली कातडी सहा-सात तास घडी घालून राहते. छाती दाबून जवळ आणणाऱ्या पुश-अप ब्रेसियरही दिवसा तेच करतात. चाचणी सोपी आहे: उठल्याउठल्या आरशात पाहा आणि दुपारी बाराला पुन्हा पाहा. बारापर्यंत रेषा पुसली जात असेल तर ती अजून कच्ची आहे आणि निव्वळ झोपेची सवय बदलून थांबवता येते. दिवसभर राहत असेल तर घडी पक्की झाली.

बारीक जाळी: उभ्याआडव्या सूक्ष्म रेषांचं जाळं, सोबत तपकिरी ठिपके, कधी लालसर छटा. हे उन्हाचं काम. वर सांगितलेली गळ्याच्या रेघेची तुलना हीच याची चाचणी.

आडव्या वळ्या: मानेवरच्या या रेषा अनेकांना लहानपणापासून असतात. मान वळते तिथे त्या असणारच. वयाबरोबर त्या खोल होतात. क्रीमने त्यांचा पोत सुधारतो, घडी जात नाही. यांच्यामागे फार पैसे घालवू नयेत.

सैलपणा: चिमटीत धरून सोडलेली कातडी लगेच जागेवर न येता रेंगाळते. भराभर वजन उतरवल्यावर आणि पाळी थांबल्यावर हे दिसतं. पाळी थांबल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं कोलॅजन, म्हणजे तिला घट्ट ठेवणारं प्रथिन, साधारण ३० टक्क्यांपर्यंत घटू शकतं. ‘एका वर्षात गळा असा कसा झाला?’ या प्रश्नाचं उत्तर अनेकदा तिथे असतं.

बहुतेकांच्या छातीवर यातल्या दोन-तीन जाती एकत्र नांदतात. कुठली किती, याचा अंदाज घेण्यासाठी कामाला लागण्यापूर्वी फोटो काढा. त्याच खिडकीपाशी, सकाळच्या त्याच वेळी, उजेड एका बाजूने येईल असं उभं राहून, फ्लॅश बंद ठेवून. एक फोटो उठल्यावर लगेच, एक दुपारी. दर सहा आठवड्यांनी पुन्हा तसेच दोन. रोज आरशात पाहणाऱ्याला फरक कळत नाही. फोटोशिवाय तिसऱ्या महिन्यात कंटाळून सोडून देणारेच जास्त.

मुंबईचं ऊन आणि सनस्क्रीनचं माप

मुंबई विषुववृत्तापासून साधारण १९ अंशांवर आहे. मेच्या मध्यावर आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, असा वर्षातून दोनदा सूर्य इथे दुपारी बरोबर डोक्यावर येतो. तोच शून्य सावलीचा दिवस. डोक्यावरचं ऊन गळ्याखालच्या त्रिकोणावर उतरत्या छपरावर पडावं तसं पडतं. जुलैत ढगांमुळे ते जाणवत नाही, पण त्वचेचा आधार ढिला करणारे अतिनील ‘अ’ किरण ढगांतून बऱ्यापैकी येतात आणि साध्या काचेतूनही येतात. गाडीची पुढची काच दुपदरी असल्याने ते बरेचसे अडवते. बाजूची सहसा तितकं अडवत नाही.

पश्चिम रेल्वेने जाणाऱ्यांसाठी एक गंमत: सकाळी चर्चगेटकडे जाताना ऊन डाव्या खिडकीतून येतं आणि संध्याकाळी विरारकडे परततानाही पुन्हा डावीकडूनच. कोवळ्या उन्हाचा एक दिवस काही बिघडवत नाही. वीस वर्षं रोज तीच बाजू धरली, तर हिशेब होतो.

सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त, आणि सोबत पीएची (‘अ’ किरणांपासूनच्या संरक्षणाची खूण) किमान तीन अधिक चिन्हं असलेलं घ्या. एसपीएफ ३० साधारण ९७ टक्के अतिनील ‘ब’ किरण अडवतं, ५० साधारण ९८ टक्के. म्हणजे आकडा वाढवण्यापेक्षा माप पुरेसं घेणं महत्त्वाचं, कारण निम्मं लावलं तर डब्यावरचा आकडा नावापुरताच राहतो.

माप असं: तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून काढलेली पट्टी म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. ती हाताच्या दोन पंजांएवढ्या जागेला पुरते. मान पुढून-मागून आणि छातीचा उघडा भाग मिळून चार पंजांएवढी जागा होते. म्हणजे दोन पट्ट्या, एक ग्रॅम, आणि हे चेहऱ्यासाठी घेतलेल्यापेक्षा वेगळं. दिवसातून दोनदा लावलं तर ५० ग्रॅमची ट्यूब एकट्या मानेला आणि छातीला पंचवीस दिवस पुरेल. घरातली ट्यूब चार महिने चालत असेल, तर ते देखल्या देवा दंडवत आहे.

लावायची पद्धत: आंघोळीनंतर मॉइश्चरायझर जिरल्यावर, कपडे घालण्याआधी लावा. कपडे घालून लावलं की गळ्याच्या कडेची दोन बोटं जागा सुटते, आणि नेमकी तिथेच रेघ उमटते. छातीवर मध्ये दोन, दोन्ही बाजूंना एकेक आणि मानेला दोन असे ठिपके देऊन तळहाताने वरून खाली पसरा, चोळत बसू नका. मागच्या खोल गळ्याचं ब्लाऊज असेल तर पाठीला वेगळं माप. मग १५ मिनिटं थांबा. मंगळसूत्र किंवा साखळी त्यानंतर घाला, नाहीतर दागिन्याखालचं सनस्क्रीन दागिन्यालाच लागतं.

पांढऱ्या कपड्यांच्या गळ्याला पिवळट डाग पडतात, म्हणून अनेकजणी छातीला सनस्क्रीन लावणं सोडतात. हे डाग बहुधा सनस्क्रीनमधल्या अ‍ॅव्होबेन्झोन या घटकाचे असतात. धुण्याआधी डागावर भांड्यांचा द्रव साबण चोळून अर्धा तास ठेवा. ब्लीच घालू नका, त्याने डाग आणखी पक्का होतो. झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन असा डाग देत नाही, पण सावळ्या त्वचेवर पांढुरकं दिसतं. रंगीत प्रकारातलं आयर्न ऑक्साइड दृश्य प्रकाशही अडवतं, त्यामुळे काळवंडण्यासाठी ते उत्तम, पण कुर्त्याच्या गळ्यावर ते उतरतंच. गडद रंगाचे कपडे घालणाऱ्यांनी ते बिनधास्त वापरावं.

दर दोन तासांनी पुन्हा लावणं लोकलच्या गर्दीत कुणाला जमत नाही, हे उघड आहे. ऑफिसात बसणाऱ्यांनी सकाळी एकदा आणि दुपारी बाहेर पडण्याआधी एकदा लावलं तरी चालेल. उन्हात फिरतीचं काम असेल तर कापडावर जास्त भरवसा ठेवा. कापड उजेडासमोर धरा: आरपार पलीकडची खिडकी दिसली तर ती ओढणी शोभेची. शिफॉन आणि नेट फारसं काही अडवत नाहीत. दाट विणीचं गडद सुती कापड किंवा बंद गळ्याचा कुर्ता चांगला. पदर दोन पदरी घेतला तर आणखी चांगला. मोटरसायकलवर शर्टाची वरची दोन बटणं उघडी ठेवून फिरणाऱ्या पुरुषांनाही हे सगळं लागू आहे. त्यांच्या छातीवरचा तपकिरी त्रिकोण याच कारणाने पडतो.

पहिले दोन आठवडे: फक्त पाया

या काळात कुठलंही औषध नको. आधी त्वचा शांत होऊ द्या.

आंघोळ कोमट पाण्याने. साबणाच्या नेहमीच्या वड्या अल्कधर्मी असतात, त्वचा किंचित आम्लधर्मी. छातीच्या त्रिकोणाला साबणाऐवजी सौम्य, बिनवासाचा क्लेन्झर वापरा, आणि घाम फारसा आला नसेल तर नुसतं पाणी पुरे. घासणी, लुफा, खसखसून टॉवेल फिरवणं बंद. टॉवेल टिपायचा.

अंग थोडं ओलं असतानाच, तीन मिनिटांच्या आत मॉइश्चरायझर. ग्लिसरीन आणि सेरामाइड असलेलं, वास नसलेलं कुठलंही साधं चालतं. ‘मुंबईत एवढा दमटपणा, मॉइश्चरायझर कशाला?’ असं वाटतं. पण दिवसाचे नऊ तास एसीत बसणाऱ्याची त्वचा दमट मुंबईत राहत नाही. पावसाळ्यात जेल किंवा लोशन, डिसेंबर-जानेवारीत जरा दाट क्रीम. रोज दोन वेळा मॉइश्चरायझर लावल्याने बारीक जाळीतली काही रेष पहिल्या आठवड्यातच भरून येते. ती सुरकुती नव्हतीच, कोरडेपणा होता.

अत्तर आणि डिओ गळ्यावर फवारणं थांबवा. बर्गमोटसारख्या लिंबूवर्गीय तेलांवर ऊन पडलं की थेंब ओघळल्यासारखे तपकिरी डाग उठतात आणि महिनोन्‌महिने राहतात. सुगंध कपड्यावर लावा. साखळीखाली खाज येऊन पुरळ उठत असेल तर निकेलची अ‍ॅलर्जी असण्याची शक्यता आहे. खोट्या दागिन्यात निकेल बऱ्याचदा असतं, आणि खऱ्याच्या कडीकुलपातही असू शकतं. रोज खाजवून जाड झालेली कातडी सुरकुतलेली दिसते.

झोपेसाठी: उताणं झोपणं उत्तम, पण चाळीस वर्षांची कुशीची सवय मोडायला निघालं की लोक झोपच गमावतात. मधला मार्ग असा. कुशीवर झोपताना छातीशी एक जाडसर लोड किंवा उशी घ्या आणि वरचा हात तिच्यावर टाका. खांदा पुढे कोसळत नाही, तिथेच निम्मी घडी वाचते. स्तन जड असतील तर तारा नसलेली मऊ सुती ब्रेसियर रात्री घालावी, दोन्ही बाजू वेगळ्या धरून ठेवणारी. मध्ये दाबणारी नको.

सिलिकॉनचे पारदर्शक पॅड याच उभ्या रेषांसाठी मिळतात. ते काम करतात, पण मर्यादित: रात्रभर कातडी ताणून धरतात, ओलावा आत अडवतात आणि सकाळी रेषा फिकट दिसते. लावणं थांबवलं की काही दिवसांत पूर्ववत. पॅड लावायचं तर छाती धुऊन पूर्ण कोरडी करा, त्या रात्री क्रीम नको, नाहीतर पॅड चिकटत नाही. सकाळी सौम्य साबणाने धुऊन उघड्यावर वाळवा. मे महिन्यात पंख्याखाली झोपणाऱ्याने या भानगडीत पडू नये, पॅडखाली घामोळं उठतं.

तिसऱ्या आठवड्यापासून: रेटिनॉइड

सनस्क्रीननंतर ज्या एकाच गोष्टीवर पैसे घालावेत असं आम्ही म्हणू, ती ही. अ जीवनसत्त्वाच्या कुळातली ही औषधं नवं कोलॅजन बनवायला चालना देतात आणि रंगही एकसारखा करतात. सुरुवातीला रेटिनॉल ०.१ ते ०.३ टक्के. डॉक्टरांच्या सल्ल्याने अ‍ॅडापॅलीन ०.१ टक्के किंवा ट्रेटिनोइन ०.०२५ टक्के. गरोदर असाल, दिवस राहण्याची तयारी करत असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर हा भाग पूर्ण सोडून द्या.

१. रात्री छाती धुऊन २० मिनिटं पूर्ण वाळू द्या. ओल्या त्वचेवर औषध खोल जातं आणि आग होते.

२. आधी मॉइश्चरायझरचा पातळ थर. चेहऱ्यावर हा थर ऐच्छिक असेल, छातीवर तो हवाच.

३. वाटाण्याएवढं रेटिनॉइड घ्या, गळ्याच्या खड्ड्यापासून त्रिकोणाच्या टोकापर्यंत ठिपके देऊन पसरा. दोन स्तनांमधल्या घामाच्या घळीत नको, तिथे साचून कातडी सोलवटते.

४. वर पुन्हा मॉइश्चरायझर.

५. पहिले चार आठवडे आठवड्यातून दोनच रात्री. त्रास नसेल तर पुढे एक रात्र आड. रोज लावायची गरज छातीच्या बाबतीत बहुतेकांना कधीच लागत नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात थोडा कोरडेपणा, बारीक साल निघणं हे अपेक्षित. लालभडक होणं, कपडा लागला तरी चुरचुरणं हे अपेक्षित नाही. तसं झालं तर सात दिवस बंद, फक्त पेट्रोलियम जेली, आणि नंतर निम्म्या वेळा. ‘औषध लागू पडतंय म्हणून आग होतेय’ ही समजूत सावळ्या त्वचेला फार महागात पडते: जळजळीनंतर उरतो तो काळा डाग, आणि तो घालवायला सुरकुतीपेक्षा जास्त महिने लागतात.

वॅक्सिंग किंवा थ्रेडिंगच्या किमान पाच-सहा दिवस आधी रेटिनॉइड थांबवा. नाहीतर पट्टीबरोबर वरची कातडीही निघते. ब्लीच तर त्या जागेला नकोच. अंगावर घामोळं, नायटा किंवा शिबं असतील तर आधी त्यांचा उपचार. छातीवरची खवलेदार फिकट वर्तुळं कोरडेपणाची समजून त्यांवर क्रीम चोपडणारे पुष्कळ आहेत. मुंबईच्या घामात ती बहुधा शिबंच असतात.

परिणाम दिसायला बारा आठवडे, नीट दिसायला सहा महिने. त्याआधी औषध बदलू नका.

बाकीच्यांची थोडक्यात हजेरी. क जीवनसत्त्व १० ते १५ टक्के सकाळी सनस्क्रीनखाली चांगलं, पण मुंबईच्या उन्हाळ्यात बाटली फ्रिजमध्ये ठेवा. रंग गर्द नारिंगी झाला की ते निकामी, शिवाय पांढऱ्या ब्लाऊजला डाग. नायसिनामाइड ४-५ टक्के: सौम्य, काळवंडण्यासाठी उपयोगी, ज्यांना रेटिनॉइड सोसत नाही त्यांनी इथून सुरुवात करावी. लॅक्टिक अ‍ॅसिड ५ ते १० टक्के आठवड्यातून एकदा, रेटिनॉइडच्या रात्री नाही. कोलॅजनची पावडर पिऊन छातीवरच नेमकं कोलॅजन वाढेल, असं समजू नये. तेवढ्या पैशात महिन्याची डाळ, अंडी आणि सनस्क्रीन येतं.

हे करू नका

लिंबू चोळून उन्हात जाणं. लिंबाचा रस तीव्र आम्ल आहेच, शिवाय सालीतल्या द्रव्यांवर ऊन पडलं की भाजल्यासारखे फोड येऊन काळे पट्टे राहू शकतात. खाण्याचा सोडाही नको. उटणं दिवाळीत चार दिवस लावा, मजेत लावा, पण रोज घासण्याचं साधन म्हणून नाही. खोबरेल तेल कोरड्या पायांना छान, छातीवर मात्र घामाबरोबर बारीक पुळ्या उठवू शकतं, आणि केलॉइडची धास्ती इथेच आहे.

सगळ्यात मोठा धोका ‘गोरं करणाऱ्या’ मिश्र मलमाचा. यात स्टेरॉइड असतं: क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन ही नावं ट्यूबवर बारीक अक्षरात शोधा. पहिल्या दोन आठवड्यांत गळा उजळतो, म्हणून मैत्रिणीला, नणंदेला सुचवलं जातं. काही महिन्यांत कातडी पातळ होते, केशवाहिन्या दिसू लागतात, ताणाच्या रेषा उठतात. जी सुरकुती घालवायची होती, तीच दुप्पट होऊन बसते. असं मलम महिनोन्‌महिने वापरत असाल तर एकदम बंद करू नका, ते कमी कसं करायचं हे त्वचारोगतज्ज्ञाकडून ठरवून घ्या. विड्या, सिगारेटी ओढणाऱ्यांना वेगळं सांगायला नको: धूर कोलॅजन मोडतो, आणि वरून लावलेलं मलम त्याची भरपाई करत नाही.

क्लिनिकमध्ये जायचं तर

सहा महिने वरचं सगळं करूनही पक्क्या घड्या राहिल्या, तर उपाय आहेत: सौम्य रासायनिक पील (वरचा थर सोलणारं द्रव), मायक्रोनीडलिंग (बारीक सुया टोचणं), फ्रॅक्शनल लेझर, घडी भरून काढणारी पातळ हायलुरॉनिक अ‍ॅसिडची इंजेक्शनं, रेडिओफ्रिक्वेन्सी (आतून उष्णता देणारं यंत्र). केंद्रित अल्ट्रासाउंडच्या एका यंत्राला अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेने) छातीच्या वरच्या भागातल्या सुरकुत्यांसाठी २०१४ मध्ये मान्यता दिली. कुठल्या जातीला काय, हे महत्त्वाचं. झोपेच्या खोल घडीला इंजेक्शनं बरी, उन्हाच्या जाळीला लेझर किंवा पील, सैलपणाला उष्णतेवर चालणारी यंत्रं. बहुतेकांना तीन-चार बैठका लागतात, मध्ये चार ते सहा आठवड्यांचं अंतर, त्यामुळे लग्नसराईच्या पंधरा दिवस आधी पार्लरशेजारच्या ‘लेझर सेंटर’मध्ये धावून उपयोग नाही. मुंबईत डिसेंबरचं लग्न असेल तर मे-जूनमध्ये पहिली भेट.

विचारायचे प्रश्न: यंत्र कोण चालवणार? छातीसाठी चेहऱ्यापेक्षा कमी ऊर्जा ठेवणार ना? आधी एका कोपऱ्यात छोटी चाचणी करून चार-सहा आठवडे थांबणार का? आणि तुमच्याकडून सांगायचं: कानाच्या भोकावर, लसीच्या वणावर किंवा ऑपरेशनच्या टाक्यावर कधी जाड वण वाढला होता का. ‘हो’ असेल तर सुया टोचणारे, सोलणारे उपचार बहुधा नकोच. डॉक्टरकडे त्वचारोगातली एमडी, डीएनबी किंवा पदविका आहे का आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक आहे का, हे पाहण्यात संकोच करू नये. नुसता सल्ला हवा असेल तर परळचं केईएम, सायन आणि नायर या पालिका रुग्णालयांत त्वचारोग विभागाची ओपीडी चालते. रांग असते, सकाळी लवकर जावं.

सुरकुती नसलेली सुरकुती

काही खुणांना क्रीम लावत थांबायचं नसतं. एकाच स्तनावर खळगी पडणं, कातडी संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत होणं, स्तनाग्र आत ओढलं जाणं, गाठ लागणं: हे दिसलं तर त्याच आठवड्यात सर्जनकडे, मग दुखत असो वा नसो. मानेच्या घड्यांत मखमलीसारखी जाड काळी कातडी दिसली तर ती घासून जात नाही. ती अनेकदा इन्सुलिनच्या गडबडीची खूण असते, उपाशीपोटी साखर तपासा. गळ्याच्या त्रिकोणात उन्हात गेलं की लगेच लाल चट्टे, खाज, सोबत सांधेदुखी किंवा जिना चढताना मांड्यांत अशक्तपणा असेल तर डॉक्टरकडे. डॉक्सीसायक्लिन, रक्तदाबाची हायड्रोक्लोरोथायझाइड, नॅप्रोक्सेन अशा औषधांनीही ऊन जास्त बाधतं, म्हणून चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. आणि घरात छातीला लावलेली प्रत्येक ट्यूब, मैत्रिणीने दिलेली बिननावाची डबीसुद्धा, पिशवीत घालून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा.